रविवारचा खेळ आणि पगारेसाहेबांचा नकार

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नाशिकला रुजू झालो. श्री. भास्करराव पगारे आमचे उपअभियंता होते. पहिल्याच आठवड्यात इगतपुरीजवळच्या कामावर भर पावसात मी घेतलेली मापं त्यांनी पाहिली आणि टेप पुन्हा माझ्या हातात दिला. दुसरं टोक धरून ते स्वतः चिखलात उभे राहिले. परतताना जीपमध्ये म्हणाले, "रविवारी मोकळे असाल तर मैदानावर या." मैदान गोल्फचं आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं.

साहेबांसारखा सिन्नरकडच्या शिक्षकाचा मुलगा हा खेळ खेळतो याचं पुष्कळांना नवल वाटे. साहेबांनी त्याचा कधी खुलासा केला नाही. पुढे क्लबने सभासदांचे हँडिकॅप ठरवण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत; खेळ जितका चांगला, तितका हा आकडा लहान. तो फक्त अधिकृत स्पर्धेतल्या खेळावरून ठरे. रविवारचे खेळ मौजेचे असत. चेंडू खड्ड्यात गेला तर उचलून बऱ्या जागी ठेवायचा, भोकाजवळ पोचला तर "झाला समजू" म्हणून पुढे जायचं. त्या खेळाने आकडा हलत नसे.

या रविवारांचे त्यांचे जोडीदार होते अॅडव्होकेट अरविंद कुलथे. दोघं महाविद्यालयापासूनचे मित्र. पगारेबाई गेल्यानंतर साहेबांचं आठवड्यातलं मोकळं बोलणं बहुधा कुलथेवकिलांशीच होत असे.

एका वर्षी पुण्याच्या क्लबशी सामना ठरला. संघासाठी हँडिकॅप बारापर्यंत हवा होता आणि वकिलांचा होता तेरा. पन्नाशी उलटलेली, कंबर दुखू लागलेली. ही संधी शेवटची, असं ते उघड बोलत. त्या पावसात अधिकृत स्पर्धा एकामागून एक रद्द झाल्या. आणि नावं देण्याच्या आदल्या रविवारी वकील असे खेळले, की मागून येणारे आम्ही आपला खेळ थांबवून पाहत राहिलो. शेवटचा चेंडू भोकात पडला तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"भास्कर, आजचा खेळ धरशील ना?"

"नाही धरता येणार," साहेब म्हणाले. "मौजेचा खेळ होता. दोनदा चेंडू उचललास, तीनदा मीच 'झाला' म्हणालो."

"तू प्रत्येक फटका डोळ्यांनी पाहिलास."

"पाहिला. म्हणूनच सांगतोय."

वकिलांनी पिशवी उचलली आणि ते घरी गेले. संघ त्यांच्याशिवाय पुण्याला गेला. पुढच्या रविवारी साहेब नेहमीच्या वेळी उभे होते. वकील आले नाहीत. त्यानंतर ते मैदानावर कधीच आले नाहीत. साहेब एकटेच खेळू लागले. आम्ही बोलावलं तर येत, हसत, पण बोलणं खेळापुरतं. संध्याकाळी कॉलनीतल्या घरी त्यांच्याकडे गेलं की रेडिओ चालू असे आणि ते दुसऱ्या खोलीत असत.

ते कठोर आहेत, असं तेव्हा काहीजण म्हणाले. मला टायफॉइड झाला तेव्हा हेच गृहस्थ रोज कचेरी सुटल्यावर बसने माझ्या खोलीवर मऊ भाताचा डबा घेऊन येत. भात स्वतः शिजवलेला असे आणि बहुतेक वेळा खाली लागलेला. मी जेवेपर्यंत बसत, डबा विसळत आणि निघत.

निवृत्तीच्या सुमारास मी धीर करून विचारलं, "साहेब, त्या नकाराचं वाईट वाटतं का?"

"नकाराचं नाही," ते म्हणाले. "पण इतका सुंदर खेळला तो, आणि मी त्याला 'छान खेळलास' एवढंही म्हणालो नाही. आधी नियमच आठवला."

मागच्या वर्षी वकील मुलीकडे नागपूरला कायमचे राहायला निघाले. कळताच साहेब नाशिकरोड स्टेशनवर गेले. मी सोबत होतो. डब्याच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं राहिलेलं ते वाक्य म्हटलं. वकिलांनी ऐकून घेतलं.

"पाहिलं होतंस ना तू सगळं," ते म्हणाले.

"सगळं."

"मग झालं." आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. गाडी हलेपर्यंत साहेबांनी तो धरून ठेवला होता. समेट झाला, पण रविवार काही परत आला नाही. आता नागपूरहून अधूनमधून फोन येतो, एवढंच.

साहेब, आज आपण साठ वर्षं पूर्ण करीत आहात. आपले गुडघे आपल्याला मैदानाच्या टोकापर्यंत नेत राहोत, नजर शाबूत राहो, आणि पुष्कळ वर्षं सकाळी सकाळी आपल्यासोबत चालायला कुणीतरी असो. माझा खेळ कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तरी येत्या रविवारी मी येतो. माझ्यासाठी थांबावं.