वडगावची लाईन

निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नोकरीला लागले, तेव्हा डायल फिरवून नंबर लागायचे दिवस अजून यायचे होते. कुणी रिसीव्हर उचलला की माझ्या बोर्डावर दिवा लागायचा. मी "नंबर?" विचारायचे आणि दोरीचं टोक त्या नंबराच्या भोकात खुपसायचे. बेळगावच्या टिळकवाडीतलं घर सोडून मी इथं एका भाड्याच्या खोलीत राहत होते. अख्खं गाव मला आक्का म्हणायचं, पण फोनवर. रस्त्यात मला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, असा खात्याचा नियम. पण लाईन लागली की तुटली हे बघायला मध्ये कान द्यावाच लागे, आणि एकदा दिलेला कान लगेच काढून घ्यायला मी काही संत नव्हते. तंबाखूचे भाव सुरू झाले की मी बाजूला व्हायचे. घरगुती बोलणं असलं की राहायचे. खोलीवर माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी दुसऱ्यांच्या रुसव्याफुगव्यांत आणि बारशांत मनानंच जाऊन यायचे. यातलं एक अक्षर कधी बाहेर सांगितलं नाही.

एका वखारीतला तरुण दिवाणजी मला जवळचा वाटायचा. त्याची बायको दिवस राहिल्यावर सासूशी भांडून माहेरी, बेळगावजवळ वडगावला गेली होती. तिच्या घरात दोन माग होते, फोन नव्हता. शेजारच्या सूतवाल्याकडे होता. मालक दुपारी जेवायला गेला की मालकाच्याच परवानगीनं हा आठवड्यातून एकदा वखारीतून फोन करायचा. "आक्का, वडगाव लावा की तेवढं." ती यायची, ऐकून घ्यायची, "बघू" म्हणायची. ती परत यावी असं मला त्याच्याइतकंच वाटायचं.

त्या वर्षी सीमाप्रश्नाचे मोर्चे जोरात होते. एकदा फौजदार एक्स्चेंजात आला. बेळगावहून मोर्चेवाल्यांना कुणाचे फोन येतात, काय बोलतात, ते ऐकून कळवा म्हणाला. मी म्हटलं, "लेखी आणा. तोंडी हुकमावर कुणाच्या लाईनीत कान घालणार नाही." तो हसला आणि गेला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मग त्यानं दुसरी सोय केली. स्टुडिओवाल्याला एका माडीवर बसवून मोर्चाचे फोटो काढून घेतले. त्या दुपारी एसटीवर दगड पडले, ड्रायव्हरचा डोळा गेला. फोटोत हात उगारलेला एक जण होता, पांढरा शर्ट, अर्धा चेहरा. तो दिवाणजीच, असं कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी त्याला वखारीतून उचलला.

मी त्या दुपारी ड्यूटीवर होते. रस्त्यावर दगड पडत होते, तेव्हा तो वडगावच्या लाईनीवर रडत होता.

त्यानंही फौजदाराला फोनचं सांगितलं होतं. पण ट्रंक कॉलच्या चिठ्ठीवर नंबर असतो, बोलणाऱ्याचं नाव नसतं. वखारीतून कुणीही बोललं असेल. आणि बायको काय, नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार. पोलिसांचं हे म्हणणं तसं खोटं नव्हतं. ड्रायव्हरची बायकापोरं चौकीच्या पायरीवर बसून होती, त्यांनाही खरा माणूसच हवा होता. पण मी गप्प बसले तर हा पोरगा नाहक खडी फोडायला जाणार होता. दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेले.

"एन्री बाई," फौजदार कानडी हेलात म्हणाला, "आम्ही सांगिटलं तवा नियम. आता आपण होऊन आलात?"

"त्याचा आवाज होता. मी ओळखते."

"आवाज सगळ्यांचा असतोय. काय बोलला ते सांगा. तिकडं विचारून बघतो. जुळलं तर सोडतो."

खोलीत चार शिपाई होते. त्यांना बाहेर पाठवा म्हणायचं मला सुचलं नाही. मी सांगितलं. "आईला वेगळी काढतो, तिचा सासुरवास मलाबी सोसंना, तुझ्या पाया पडतो पण ये," असं म्हणून तो हुंदके देत होता. फौजदारानं तिथूनच वडगावला फोन लावला. बायकोला सूतवाल्याच्या दुकानात बोलावून, गिऱ्हाइकांसमोर, तिच्याकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. जुळलं. त्याला सोडला.

दिवस मावळायच्या आत सगळ्या निपाणीला ते पाठ झालं. त्याची आई बोचकं बांधून लेकीकडे खानापूरला गेली ती कायमची. वखारीत हमाल त्याला हात जोडून "पाया पडतो, पण ये" म्हणायचे. तो माझ्याकडे एकदाच आला. खिडकीबाहेर उभा राहून म्हणाला, "आक्का, तुमी वाचवलासा. पर माझी आय गेली बगा." खरं सांगितलं म्हणून मला वाईट वाटत नाही. ते सगळ्यांसमोर सांगायला लावणाऱ्यांचा राग येतो, आणि मी मुकाट्यानं सांगितलं याचाही येतो.

गाव मात्र शहाणं झालं. "आक्का" बंद झालं. नुसता नंबर सांगायचे, आणि लाईन लागली की पलीकडच्याला आधी म्हणायचे, "जपून बोल, बाई हाय मदी." इतकी वर्षं मी त्यांच्यात होते असं मीच समजत होते. बोर्डासमोर बसून मला रडू यायचं.

त्याची बायको परत आली, त्यामुळे वडगावचे फोन थांबले. पुढं बऱ्याच महिन्यांनी बाजारात मिरच्या घेताना ती दिसली. तिचा आवाज मी हजारात ओळखला असता, तोंड पहिल्यांदाच बघत होते. कडेवर मूल होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, "मी एक्स्चेंजमधली. मुलगा का मुलगी?"

तिनं मुलाच्या तोंडावर पदर ओढला.

"तुमास्नी ठावं न्हाय असं काय हाय व्हय, आक्का?" म्हणाली आणि मिरच्या न घेताच गेली.

मला खरंच माहीत नव्हतं.