नूक्सिओच्या जंगलात लेकीची वाट बघताना

गेल्या महिन्यात लेकीला सोडायला हेलसिंकीला गेलो होतो. तिथल्या जंगलात घालवलेली एक दुपार काही डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितेय.

गार्गी आमची एकुलती एक. सिंगापूरमधल्या आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्येच वाढली. शाळा चालत जाण्याइतकी जवळ, MRT मेट्रोचं स्टेशन हाकेच्या अंतरावर, क्लासहून यायला उशीर झाला तरी कधी जिवाला घोर नाही. तिने पुढेही इथेच शिकावं असं मला वाटत होतं आणि वर्षभर मी ते बोलूनही दाखवत होते. तिला मात्र जंगलांचाच अभ्यास करायचा होता, तोही फिनलंडमध्ये. मंदार, म्हणजे माझा नवरा, लगेच हो म्हणाला. मी हो म्हटलं असं नाही... मी फक्त तिकिटं काढली.

हॉस्टेलची खोली दुसऱ्या दिवशी मिळणार होती. एक दिवस मोकळा होता म्हणून गार्गी म्हणाली, नूक्सिओ नॅशनल पार्कला जाऊ. शहरातून ट्रेन, मग बस, तासाभराचा प्रवास. एवढ्या जवळ म्हणजे आपल्या बोटॅनिक गार्डनसारखं काहीतरी असेल अशी माझी कल्पना.

बस आम्हाला सोडून गेली आणि एकदम शांत झालं. इतकं शांत, की मंदारने जॅकेटची चेन ओढली तीसुद्धा ऐकू आली. उंच पाइन, खडकांवर जाड शेवाळ, मधेच काळ्याशार पाण्याचं तळं. कठडा नाही, दुकान नाही, माणूस नाही. गार्गी झुडपांतल्या ब्लूबेरी तोडून खात पुढे, आम्ही मागे.

तळ्याकाठी शेकोटीची जागा होती. लाकडं तिथेच रचून ठेवलेली, ज्याला हवी त्याने पेटवायची. एक आजी त्यांच्या कुत्र्याबरोबर बसल्या होत्या. मी सिंगापूरहून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, त्यांनाही एक दिली. त्यांनी ती सावकाश खाल्ली आणि आणखी एक मागितली. मला बरं वाटलं.

तिथून बरंच पुढे गेल्यावर एका उतारावर मंदारचा पाय शेवाळावरून सटकला. घोटा बघता बघता सुजला. उभं राहायला गेला तर ओरडलाच. जागा खोलगट, तिघांच्याही फोनला रेंज नाही.

"आई, यू स्टे विथ बाबा. मी त्या आजींना घेऊन येते," गार्गी म्हणाली.

"एकटी? मुळीच नाही. मी जाते."

"तुला रस्ता कळणार नाही. झाडांवरच्या खुणा बघत जायचंय. आय कॅन, ला," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

तिचं खरं होतं. मी सगळा वेळ तिची पाठ बघत चालले होते, खुणा कुठल्या बघणार... मी काही बोलायच्या आत ती निघालीसुद्धा. लाल जॅकेट दोन-तीन झाडांमधून दिसलं, मग दिसेनासं झालं.

मंदार म्हणाला, "येईल ती." मी म्हटलं, "तुला काय जातंय म्हणायला!" आम्ही एका खडकाला टेकून होतो, खालून गार लागत होतं. वर्षभर जी भीती मी भांडून भांडून घालवू बघत होते, तीच समोर येऊन बसली होती... माझी मुलगी, परका देश, आणि ती कुठे आहे हे मला माहीत नाही.

बऱ्याच वेळाने मंदारच हळूच म्हणाला, "मलाही भीती वाटतेय गं." मी त्याचा हात धरला. एवढ्या दिवसांत हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

मग कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. मागोमाग लाल जॅकेट, आणि आजी. त्यांच्या पिशवीत क्रेप बँडेज होतं. त्यांनी घोटा घट्ट बांधला, एक दणकट फांदी शोधून हातात दिली. गार्गीने बाबाचा हात खांद्यावर घेतला आणि आम्ही आजींच्या गाडीकडे निघालो.

ते दोघं पुढे, मी आणि आजी मागे. थोडं चालल्यावर आजी मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमची मुलगी रडली. शेकोटीपाशी आली तेव्हा. मग तळ्यावर तोंड धुतलं आणि मला म्हणाली, चला, पण आईला सांगू नका."

पुढे गार्गी बाबाला चिडवत होती, त्याच्या लंगडण्याची नक्कल करत होती. रडल्याचा मागमूस नाही.

आजींनी थेट हॉटेलपर्यंत सोडलं. सुदैवाने हाड मोडलं नव्हतं.

गार्गीला मी यातलं काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या दारात, द्यायच्या म्हणून ठरवलेल्या सगळ्या सूचना बाजूला राहिल्या. "भीती वाटली तर फोन कर. मलाही वाटते," एवढंच म्हटलं. नेहमीसारखं "आय ओके, ला" ऐकायची तयारी होती... पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो. करेन."

त्या आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी लेकीला दिलेला शब्द मोडला, याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. त्या बोलल्या नसत्या तर मी मुलगी फार धीट आहे असं समजून परत आले असते... आणि तिला तिथे एकटीनेच धीट राहावं लागलं असतं.