वहिनीची मिशी

आमचा वहिनी कधी स्वस्थ बसला नाही. जेवायचा तोसुद्धा उकिडवा, हाक आली की ताटावरून उठायला बरं म्हणून! वहिनी हा पुरुष, बरं का. नाव गणपत, धंदा शेतीचा, अंगानं काटकुळा. गावच्या नाटक मंडळीत दरसाल तो बायकोचं काम करायचा आणि मी त्याचा नवरा. म्हणून सगळं गाव त्याला वहिनी म्हणायचं. "वहिनी, औत घेऊन कुठं?" असं विचारलं तरी तो सरळ "वावरात" म्हणून पुढं चालू लागायचा.

ही इंग्रजांच्या सीपी-वऱ्हाड प्रांताच्या दिवसांतली गोष्ट. दसरा झाला की मारुतीच्या पारावर आमचा फार्स. तालमीत वहिनी स्वतःचं बोलून थांबायचा नाही, माझंही बोलून टाकायचा. मी जरा श्वास घेतला की ओरडलाच, "हाल ना बे! झोपून राह्यला का तिथं?" त्याच्या घाईचा मला अस्सा वीट यायचा! पण तो नसला की तालीम मिळमिळीत व्हायची, हेही खरं.

नडली ती मिशी. आदल्या वर्षी त्यानं ओठावर पदर धरून काम निभावलं होतं. भांडणाच्या प्रवेशात पदर सुटला, आणि उंद्रीहून आलेल्या पाहुण्यांतून कोणीतरी ओरडलं, "अरे, नवऱ्यापेक्षा बायकोचीच मिशी मोठी हाय!" झालं, नाटक तिथंच आटोपलं. फार्स असला म्हणून काय झालं, लोकांनी कुठं हसायचं ते आम्ही ठरवलेलं असतं! वहिनीच्या ते फार जिव्हारी लागलं. यंदा मिशी काढायचीच, असं त्याच्या मनानं घेतलं.

पण त्याचा बाप जिवंत होता. बाप असताना मुलानं मिशी काढायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हातारा साफ म्हणाला, "मी खाटेवर बसून राह्यलो अन् तू मिशी काढतं? काढली तं या घरात पाय ठेवू नोको." म्हातारा शब्दाचा पक्का, आणि वहिनीचं सगळं जग त्या घरात. गावच्या न्हाव्यानंही हात जोडले. "तुमचा बा जित्ता हाय. माझा वस्तरा नाई लागाचा."

नाटकाच्या दिवशी अमडापूरचा बाजार होता. वहिनी सकाळीच तिकडं पळाला आणि अनोळखी न्हाव्यापुढं बसला. न्हाव्यानं वस्तऱ्याला धार लावता लावता विचारलं, "बा कवा गेले?" दुसऱ्या कोणी खरं काय ते सांगितलं असतं. याला घाई! "गेले, गेले. तू कर लवकर!" मग त्या भल्या माणसानं रीतीप्रमाणं मिशीबरोबर डोकंही सफाचट केलं.

वहिनीची आत्या अमडापूरलाच दिलेली. भाच्याच्या गोट्याची बातमी तिला बाजारातून कोणीतरी सांगितली. बाईनं तिथल्या तिथं गाडी जुंपली. आम्ही पारावर पडदा बांधत होतो, तोच वेशीतून हंबरडा आला, "दादा गाऽऽ, काऊन सोडून गेला!" आम्ही धावलो. म्हातारा ओसरीत दोर वळत बसलेला. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "कोण गेलं वं?"

 तेवढ्यात शेतातून आडवाटेनं वहिनी येऊन उभा राहिला. आत्यानं त्याच्या गोट्यावर फाडफाड हाणलं, रडत हाणलं.  मला वाटलं, म्हातारा आता काठी उचलतो. पण तो बहिणीला म्हणाला, "बैलं सोडाले सांग. रडाले आली, आता हसून जाय." आणि मुलाला, "तू घरात येऊ नोको."

संध्याकाळी म्हातारा बहिणीला घेऊन पारासमोर येऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा! लुगडं नेसून वहिनी पुढं आला, बापाला पाहिलं आणि थिजला. एक शब्द फुटेना. मी नवरा, मी दोनदा खाकरलो. काही नाही. तेव्हा खालून म्हाताराच ओरडला, "बोल ना बे! लोकं थांबून राह्यले!" मग काय विचारता, तो फार्स असा रंगला की आत्या पदरात तोंड घालून हसली.

रात्री वहिनी माझ्याकडं राहिला. सकाळी म्हातारा माझ्या दारात उभा. "चाल, बैलं उपाशी हाय," एवढंच म्हणाला. वहिनी चप्पल न घालताच त्याच्यामागं गेला.

थंडीत म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. वहिनीची मिशी पुरती वाढलीही नव्हती. गाव कुजबुजू लागलं, पोरानं आधीच क्षौर केलं, बापाचं मरण ओढवून आणलं. असला संताप यायचा त्या तोंडांचा! वहिनी खाटेभोवती नुसता फिरत राहायचा. शेवटी म्हाताऱ्यानं मंडळीतल्या आम्हां सगळ्यांना बोलावून घेतलं. "मी मिशीनं नाई मरून राह्यलो. वय झालं म्हणून मरून राह्यलो. गावाले सांगजा." मग मुलाला म्हणाला, "अन् तू पुढल्या साली नाटक बुडवू नोको."

दुसऱ्या दिवशी तो गेला.

पुढच्या साली दसरा झाला, नाटकाची सकाळ उजाडली. गावचा न्हावी आपण होऊन पारावर आला, पाण्याची वाटी ठेवली, काही न विचारता वस्तरा उघडला. वहिनीनं तोंड पुढं केलं.

"काढ," म्हणाला, "आता कोण नाई म्हणते!" आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला.