दोर कोणाच्या हातात

"हात दखाडा, सर."

पहिल्या भेटीत आबा नमस्कार करत नसत, हात मागत. तुमचे दोन्ही तळवे स्वतःच्या हातात घेऊन उलटेपालटे करत, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघत आणि निकाल तोंडावर सांगत. तुमच्या भविष्यात त्यांना काडीचा रस नसे. हा माणूस दोर धरू शकेल की नाही, एवढंच बघायचं असे. माझ्या तळव्यांकडे त्यांनी फार तर दोन सेकंद पाहिलं. म्हणाले, "हाऊ खडूना हात शे." आणि माझे हात मला परत केले.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आबा विहिरीत बुडी मारायचं काम करत. कोणाची मोटर पडली, कोणाचा फूटव्हॉल्व्ह निसटला की आबांना बोलावणं जाई. कमरेला दोर, हातात जड दगड आणि छातीत भरून घेतलेला श्वास, एवढीच त्यांची यंत्रसामग्री. तळाशी जायचं, पडलेल्या वस्तूला दुसरा दोर बांधायचा आणि कमरेच्या दोराला दोन झटके द्यायचे. दोन झटके बसले की वरच्याने ओढायला लागायचं. झटक्यांनंतर वरच्याने विचार करायचा नसतो, असा त्यांचा नियम होता.

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. पंचवीसेक वर्षं महासागरांच्या तळावर बोलतोय. जगातली सगळ्यात खोल जागा जवळजवळ अकरा किलोमीटर, तिथला दाब, तिथे गेलेली माणसं, सगळं मला तोंडपाठ आहे. "चंद्रावर चाललेल्या माणसांपेक्षा तिथे पोचलेली माणसं कमी," हे वाक्य मी दरवर्षी आवाज खाली आणून म्हणतो. ते आता खोटं झालंय, गेल्या काही वर्षांत तिथे बरेच जण जाऊन आले. पण त्या वाक्याला वर्ग अजून गप्प होतो, म्हणून मी ते सोडलेलं नाही. राहता राहिलं एवढंच, की मला पोहता येत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कोणीतरी माझा तास ऐकूनच रचली असावी.

शनिवारी एस.टी.ने गावी आलो की मी आबांना समुद्र शिकवायला जात असे. एकदा त्यांना सांगितलं, की साठेक वर्षांपूर्वी दोन माणसं पोलादी गोळ्यात बसून त्या खोल जागेच्या तळाशी गेली आणि जिवंत वर आली. मला वाटलं, आबा थक्क होतील.

"दोर कोनना हातमा व्हता?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, दोर नव्हताच. सोबत लोखंडाचे छर्रे होते. ते खाली सोडून दिले, की गोळा हलका होऊन आपोआप वर येतो.

 आबा म्हणाले, "मंग त्यासना घरना लोके राजी व्हतात का?"

माझ्या कोणत्याही पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, त्याचा इथे संबंध नाही. भूगोलाच्या माणसाला उत्तर आलं नाही की तो असंच म्हणतो.

मध्यंतरी काही श्रीमंत मंडळी बुडालेलं जुनं जहाज पाहायला छोट्या पाणबुडीतून समुद्रात उतरली आणि परत आलीच नाहीत. आमच्या पारावर चार दिवस त्यांची चेष्टा चालली. पैसा जास्त झाला की माणूस मरणाचंही तिकीट काढतो, वगैरे. त्यातला सगळ्यात चुरचुरीत विनोद माझा होता, हे मी नम्रपणे नमूद करतो. आबा हसले नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, "वरना लोके किती येळ थांबनात?" मी म्हणालो, बरेच दिवस शोध चालू होता. आबा उठून घरी गेले.

आता त्यांच्या दोराबद्दल सांगतो. आबांचा दोर त्यांची बायको धरायची. गाव तिला अक्का म्हणे. अंगाने किरकोळ बाई, पण विहिरीच्या काठावर पाय रोवून उभी राहिली की मोटरसकट नवऱ्याला वर आणायची. गावातल्या पुरुषांनी यावर तीस वर्षं विनोद केले. ज्यांना घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा मिळत नाही, तेच यात पुढे. आबांना विचारलं, बायकोच का? तर ते म्हणत, "तिले नवरा वर पाहिजे. बाकीसले मोटर पाहिजे."

पुढे अक्कांची मनगटं आखडली. भाकरी थापता येईना, मग दोर कुठला धरणार? आबांनी गावातले सगळे हात तपासले. तरण्या पोरांबद्दल त्यांचा निकाल ठरलेला असे : "हात चांगला शे, पन डोया मोबाइलमा शे." तसंही गावात बोअर होत चालले होते. त्या सहा इंची भोकात माणूस मावत नाही. आबांनी बुडी मारणं सोडलं. लोकांनीही फार आग्रह केला नाही.

वैशाखात माझ्याच विहिरीतली मोटर पडली. लिंबाची बाग डोळ्यांदेखत पिवळी पडायला लागली. मी आबांकडे गेलो आणि म्हणालो, "आबा, तुम्ही उतरा. दोर मी धरतो. दाब, खोली, प्राणवायू, माझा सगळ्याचा अभ्यास आहे."

आबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "धरू द्या. मी बससू बाजूले."

दोर धरणाऱ्याने चपला, घड्याळ, तंबाखू आणि मोबाइल काढून ठेवायचा, हा आबांचा शिरस्ता. मी सगळं काढून अक्कांच्या ओटीत ठेवलं. मोबाइलही ठेवला. माझ्याकडे दोन आहेत. प्राध्यापकाला दोन लागतातच, नक्की कशाला ते मला विचारू नका. दुसरा पँटच्या खिशात थरथरत्या अवस्थेत राहू दिला, कारण त्या दिवशी एका परिसंवादाच्या संयोजकांचा फोन यायचा होता. माझ्या निबंधाचा विषय होता, 'अतिखोल समुद्रातील मानवी सुरक्षितता'. मी बनवून सांगत नाही.

आबा उतरले. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. खिसा थरथरला. मी दोर पायाखाली दाबला आणि एका हाताने फोन काढला. निबंध स्वीकारला होता. संयोजक फार गोड बोलत होते, मीही त्यांच्याशी गोड बोलत होतो. किती वेळ बोललो, ते मला आजही सांगता येत नाही. भान आलं ते अक्कांच्या किंकाळीने. दोर माझ्या पायाखालून सुटून काठावर आपटत होता आणि अक्का त्याच्यावर पालथ्या पडल्या होत्या. त्या आखडलेल्या मनगटांना दोराचे वेढे घालून त्या मागे मागे सरकत होत्या. मी फोन टाकला आणि मागून दोर धरला. तोवर अर्धं ओढून झालं होतं.

आबा वर आले तेव्हा त्यांच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. खाली वाट पाहून पाहून ते स्वतःच वर निघाले होते आणि धडपडीत मोटरच्या लोखंडी पाइपावर आपटले होते. काठावर आडवे पडून ते खूप वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग डोळे न उघडता विचारलं, "माले कोनी वढं?"

अक्कांची मनगटं सोलून निघाली होती. ती त्यांनी पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "सरनी वढं."

आबांनी चाचपडत माझा हात धरला. मी तो धरू दिला.

अमळनेरला डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाचा पडदा गेला, आतली नसही गेली, त्या कानाने ऐकू येणार नाही. बाहेरच्या बाकावर मी अक्कांना विचारलं, "खोटं का सांगितलंत?"

अक्का म्हणाल्या, "तव्हय त्यासना जीव ठिकानावर नव्हता. आते मी सांगनार नही. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, सांगतो. आज उद्या सांगतोच.

इकडे आबांनी माझी कीर्ती तालुकाभर केली. एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकच : "सरना हात खडूना शे, आसं मी म्हननू. मी चुकनू." उभ्या आयुष्यात या माणसाने हात पारखण्यात एकदाच चूक कबूल केली, तीही चुकीची. पंधरा ऑगस्टला गावाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि 'प्राणरक्षक' असं लिहिलेली फ्रेम. समोर पहिल्या रांगेत अक्का बसल्या होत्या, मनगटांना अजून पट्ट्या बांधून; गावाला आणि आबांना त्या जुन्या दुखण्याच्याच वाटत होत्या. आता खरं बोलायची याहून चांगली जागा कोणती? मी माइक घेतला आणि वीस मिनिटं समुद्राच्या तळावर बोललो. चंद्राचं वाक्यही म्हटलं. गाव गप्प झालं. सगळ्यात जोरात टाळ्या आबांनी वाजवल्या.

त्या दिवशी मला स्वतःची किळस आली. तरी ती शाल मी घरी नेली. ऊबदार आहे.

पुढल्या चैत्रात आबांनी अंथरूण धरलं. छाती भरत नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर एका श्वासावर तळ गाठला, तो खाटेवरून उठताना दोनदा थांबत होता. दुपारी मी गेलो. अक्का शेजारी पाणी आणायला गेल्या होत्या. आता सांगायचंच, असं ठरवून मी खाटेच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसलो. डावी बाजू मी ठरवून घेतली, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी दोर मी सोडला होता. मी फोनवर बोलत होतो. तुमचे झटके मला कळलेच नाहीत. तुम्हाला अक्कांनी ओढलं, हात मोडेपर्यंत. तुमचा कान माझ्यामुळे गेला." अगदी स्वच्छ, मुद्देसूद बोललो. वर्गातसुद्धा मी इतकं चांगलं कधी बोललो नाही. डोळ्यांत पाणी आलं. मन हलकं झालं.

आबांना माझे ओठ हलताना दिसले असावेत. त्यांनी मान वळवली आणि हसले. खाटेची उजवी बाजू थोपटून म्हणाले, "इकडे या, सर. त्या कानमा काहीच जास नही."

मी उठलो. खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला गेलो, वाकलो. त्यांचा चांगला कान माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता. आबा डोळे मिटून, नीट लक्ष देऊन वाट बघत होते.

"काही नाही आबा," मी म्हणालो, "ऊन फार आहे, असं म्हणत होतो."

"शे सर, ऊन शे," आबा म्हणाले.

आठवड्याभरात आबा गेले. दहाव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर अक्का माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "सर, तुम्ही त्यासले सांगं ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मंग काय बोलनात?"

"हसले."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "बरं जयं," त्या म्हणाल्या, "माले भ्याव व्हतं, तुम्ही सांगनार नही."