साठ किलोचा सुकलाल

उद्या कोसाडला लान्स नायक सुकलालच्या नावाने बॉक्सिंगचे सामने आहेत, आणि आज दुपारी चार वाजता मी पर्वत पाटिया भागात बॅनरवाल्याशी भांडत उभा होतो. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, 'लाइटवेट बॉक्सर'. पठ्ठ्याने छापलं 'वेटलेस बॉक्सर'. का? तर तो दिवसभर साड्यांच्या दुकानांचे बोर्ड छापतो, आणि साडीच्या एका तलम कापडाला इथे वेटलेस म्हणतात.

"काका, मार्केटमां तो वेटलेस ज चाले छे." वर मलाच समजावतो!

"दोन्ही शब्द काढ," मी म्हणालो. "नाव लिही, हुद्दा लिही, बस."

"पण काका, एटलो गुस्सो केम?"

त्याला काय सांगणार, कपाळ! तुम्हाला सांगतो.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. सध्या हजिऱ्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. सुकलाल माझ्या सेक्शनमधला. मूळ अमळनेरकडचा, पण वडील लूमवर कामाला आले म्हणून घर कोसाडला. पलटणीच्या बॉक्सिंग टीममध्ये तो लाइटवेट होता, म्हणजे साठ किलोच्या आतला. मी वेल्टर, मध्ये एक गट सोडून वरचा, एकोणसत्तरच्या आतला.

सिव्हिलियन लोकांच्या डोक्यात एक गोष्ट काही केल्या शिरत नाही. लाइटवेट हे माणसाचं वजन नव्हे. सुकलाल एरवी त्रेसष्ट किलोचा. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचं पाणी बंद व्हायचं. पहाटे साडेचारला स्वेटरवर रेनकोट चढवून तो ग्राउंडला चकरा मारायचा, आणि मी मागून शिव्या घालायचो. सात वाजता नुसत्या चड्डीवर काट्यावर उभा. काटा साठ दाखवायचा, क्लार्क लिहून घ्यायचा, आणि संध्याकाळपर्यंत गडी पुन्हा त्रेसष्ट. याला आम्ही वजन तोडणं म्हणायचो. साठ किलोचा सुकलाल असायचा तो तेवढ्या दहा मिनिटांपुरता. पण कंपनीत नाव पडलं ते पडलं. लंगरपासून ऑफिसपर्यंत सगळे त्याला 'लाइटवेट' म्हणायचे.

मग आमची पलटण बर्फात जायचा हुकूम आला. त्याआधी तो सुट्टीवर घरी आला. त्याला पोचवायला मी कोसाडला गेलो, तर त्याची माय माझ्यावरच घसरली.

"मना पोऱ्या सुकी ग्या. उपाशी मारतस का त्याले?"

म्हणजे मीच गुन्हेगार! महिनाभर तिने त्याला तूप, लाडू, कळण्याच्या भाकरी काय काय खाऊ घातलं देव जाणे. वर जाण्यापूर्वीच्या मेडिकलला सुकलाल भरला सहासष्ट किलो. मी रजिस्टर बघून ओरडलो. तो हसला. "दादा, तठे कोठे सामने शेतस?" तेही खरंच होतं.

पोस्टवर अकरा जण होतो. वजनाचा काटा नव्हता. चौथ्या आठवड्यात माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. पँट सुतळीने बांधून फिरत होतो, पण सगळेच थोडेफार वाळले होते, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही दिलं.

त्या दिवशी सकाळी पाच चाळीसला रेडिओ आला. पलीकडच्या पोस्टवर एका जवानाला श्वास घेता येत नव्हता. ऑक्सिजनचे सिलिंडर आमच्याकडे होते. सहा वाजता सुभेदार साहेब, सुकलाल, मी आणि आणखी तिघे दोरीला बांधून निघालो. सहा चाळीसला वाटेत बर्फाची भेग लागली. वरून ताज्या बर्फाचा पूल झाला होता. खाली किती पोकळ आहे, दिसत नव्हतं. अशा वेळी सगळ्यात हलका माणूस आधी जातो, पलीकडे खुंटी ठोकतो, मग बाकीचे जातात.

साहेबांनी विचारलं, "सबसे हलका कौन?"

मीच बोललो. विचार केला नाही, मागे वळून बघितलं नाही. "सुकलाल, साब. लाइटवेट है."

सुकलाल माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, आते मी कोठे हलका शे?"

"चल, नखरे नको," मी म्हणालो.

तो चौथ्या पावलाला गेला. दोरी आम्ही धरून ठेवली, पण पुलाचा अर्धा बर्फ त्याच्या अंगावर कोसळला होता. वर काढायला पंचेचाळीस मिनिटं लागली, तोवर सगळं संपलं होतं.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर," मी रेडिओवर कळवलं.

"नाव सांगा. ओव्हर."

नाव मी सांगितलं. दोघे त्याच्यापाशी थांबले. आम्ही लांबचा वळसा घेऊन अकराला पलीकडे पोचलो. तो आजारी जवान वाचला.

वीस दिवसांनी मला खाली पाठवलं. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंटने काट्यावर उभं केलं. एकोणसाठ किलो. मी त्याला म्हणालो, तुझा काटा बिघडलाय. त्याने काटा शून्यावर आणून मला पुन्हा उभं केलं. एकोणसाठच. मी तिथेच स्टुलावर बसलो आणि मोठ्याने रडलो. तो बिचारा डॉक्टरला बोलवायला पळाला.

पूल माझ्याखालीही तुटला असता, असं सगळे म्हणतात. असेल. पण मग दोरीच्या पुढच्या टोकाला मी असतो ना! वर्षानुवर्षं वजनं तोडणारा माणूस मी, आणि एका टोपणनावाच्या भरवशावर बोलून गेलो. त्या शब्दाचा मला संताप येतो तो यासाठी. बॅनरवाल्याचा काही दोष नाही.

सुट्टी मिळताच मी कोसाडला गेलो. माय दारातच बसली होती. रडली नाही. तिने एकच विचारलं.

"तठे खाये ना तो बराबर?"

"हो माय. सहासष्ट किलोचा झाला होता."

तिने दोनदा मान हलवली. "मंग भुक्या नई गया मना पोऱ्या," ती म्हणाली, आणि मला पाणी आणायला आत गेली.

माझे एकोणसाठ मी तिला अजून सांगितलेले नाहीत.