विरजणाचं कूळ

योगर्ट हा शब्द मूळचा तुर्की आहे, आणि एवढ्याशा माहितीपायी मी पोटच्या पोरीची पाठवणी जवळजवळ बुडवली.

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. मी शब्दांची कुळं शोधू लागलो. मोबाईलवर वाचायचं आणि जो तावडीत सापडेल त्याला सांगायचं. आमच्या चौबे कॉलनीतल्या घरात आता कोणी सापडत नाही, माझा चष्मा कपाळावरून नाकावर आला की सगळे उठून जातात. त्या दुपारी जावई सापडला. नवा होता, त्याला कल्पना नव्हती.

रश्मी आणि निखिल रात्रीच्या गाडीनं बंगळुरूला बिऱ्हाड थाटायला निघणार होते. माझी बायको सुमन बाजारात गेली होती, घट्ट झाकणाची डबी आणायला. त्या डबीतून विरजण जायचं होतं. लग्न होऊन रायपूरला येताना सुमनच्या आईनं तिला अमरावतीहून चमचाभर विरजण दिलं होतं. एकतीस वर्षं रोज त्याच दह्याचा चमचा नव्या दुधात पडत आला. रश्मीला साड्या, भांडी सगळं देऊन झालं होतं. हे विरजण सुमननं अगदी शेवटी द्यायला ठेवलं होतं. (हे मला ठाऊक होतं. तेच तर वाईट.)

जेवताना निखिल म्हणाला, "बाबा, थोडं योगर्ट मिळेल?"

मी चष्मा खाली घेतला. "योगर्ट शब्द कुठून आला, माहीत आहे?"

"दुकानातून?"

"तुर्कस्तानातून! मळणं, घट्ट करणं, त्याच कुळातला तो. तिथून इंग्रजांकडे गेला. तुर्की लोक मधला ग लिहितात, पण उच्चारत नाहीत." (आमच्या रेशनकार्डावर माझ्या नावाचं तसंच आहे.)

"अच्छा," निखिल म्हणाला.

इथं थांबायला हवं होतं. पण माझ्या बोलण्यावर "अच्छा" म्हणणारा माणूस मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. मी म्हटलं, "थांबा, करूनच दाखवतो."

फ्रिजमधून दह्याचा गंज, म्हणजे दह्याचं पातेलं, काढला. सगळं दही पंच्यात ओतलं, पिळलं, मळलं. निघालेलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घातलं. घट्ट गोळ्यात मीठ, लसूण, काकडी घालून आम्ही सासरे-जावयांनी ते चाटूनपुसून संपवलं. मग सुमन खूश होईल म्हणून मी तो गंज लख्ख घासला आणि पंचा साबणाच्या कढत पाण्यात टाकला. संसारात मी भांडं घासल्याची ही पहिलीच वेळ.

चार वाजता सुमन डबी घेऊन आली. "काहो, दह्याचा गंज कुठी हाये?"

"घासून ठेवला," मी छाती काढून सांगितलं.

"अन् त्यातलं दही?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आतल्या खोलीत बॅगा भरणारी रश्मी बाहेर आली. "पापा, पूरा? एक चम्मच भी नहीं छोड़ा?"

"बाबा शब्दाचा अर्थ सांगत होते," निखिलनं माझी बाजू घेतली आणि मला पुरता बुडवला.

सुमन ओरडली असती तर मी निभावून नेलं असतं, सवय आहे. पण ती पलंगावर बसली, रिकामी डबी मांडीवर घेऊन. "मायी माय नाही राह्यली आता," ती म्हणाली. "कोणाले मागू मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान कुणाच्या तरी घरचं विरजण आणावं म्हणून वाटी घेऊन निघालो. दिवेलागणीनंतर कुणी विरजण देत नाही, आणि थंडीतला दिवस केव्हाच कलला होता. पहिल्या घरी पाकिटातलं दही. दुसऱ्या घरी सगळ्याची कढी झालेली. तिसरं घर साहूभाभींचं. त्या दारात दिव्याची वात वळत बसल्या होत्या.

"भाभी, जामन मिलेगा?"

"हव, काबर नइ मिलही," हो, का नाही मिळणार, म्हणत त्या उठल्या. "पर भैया, आप काहे को मांग रहे हो? ये तो आप ही के घर का है. हमारी बहू आई थी, तब सुमन दीदी ने दिया था. तब से वोही चल रहा है."

तुर्कस्तानातून इंग्लंडात काय गेलं ते मला तोंडपाठ होतं. माझ्या घरातून तिसऱ्या घरात काय गेलं, याचा मला पत्ता नव्हता. वाटी पदराखाली झाकून न्यावी तशी मी शर्टाखाली झाकून घरी आणली.

सुमननं करंगळीनं चव घेतली आणि डोळे मिटले. "मायचंच हाये," म्हणाली, आणि डबी भरली. रश्मीनं ती बॅगेत न ठेवता हातात धरली. स्टेशनवर दोघी मायलेकी रडल्या. मीही रडलो, पण माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रश्मीचा फोन आला, "पापा, दही जम गया!" मी 'जामन' या शब्दाचं कूळ सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात सुमननं फोन काढून घेतला.

आता दर रविवारी ती साहूभाभींकडे जाऊन विरजण जिवंत आहे ना, ते बघून येते. भाभींनी कारण विचारलं, तर म्हणाली, "घर में पढ़ा-लिखा आदमी है, भरोसा नहीं."