विरी गेलेलं पीठ

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मुलीला दिवस गेल्याचं कळलं तसं बायकोनं केडगावच्या आमच्या घरातली मागची खोली रिकामी करायला घेतली. माझी पुस्तकं माळ्यावर जाणार असं ठरलं आणि मीच ती निमूटपणे चढवली. पण पुढे बंगळूरच्या डॉक्टरांनी मुलीला प्रवासाची मनाई केली. लेक येऊ शकत नाही म्हटल्यावर आईनं जायचं, हे सरळ होतं.

सरळ नव्हतं ते एवढंच, की माझी म्हातारी आई आमच्यापाशी असते. तिला दात जवळजवळ नाहीत आणि दोन्ही वेळा तव्यावरची गरम भाकरी लागते. ती भाकरी आमटीत कुस्करून खाते. चपातीनं तिचं पोट भरत नाही. खुद्द अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, भाताच्या मुलखातली लेक, पण ज्वारीच्या मुलखात, श्रीगोंद्याला नांदायला आली आणि इतकी इथली झाली, की भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं असं आता तीच आम्हाला ऐकवते.

डबा लावून पाहिला. भाकरी घरी पोचेपर्यंत चामड्यासारखी व्हायची. आई अर्धी खाऊन ताट सारायची आणि भूक नाही म्हणायची. दोन-चार दिवस हे पाहून बायकोनं खाली काढलेली बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचाच मला राग आला आणि रागाच्या भरात मी म्हणालो, मी शिकतो भाकरी, त्यात काय एवढं.

'त्यात काय एवढं' हे वाक्य मी हायस्कुलात भूमिती शिकवताना पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडावर फेकलेलं. आता ते माझ्याच अंगावर आलं. स्वयंपाकघराशी माझं अगदीच वैर होतं असं नाही. चहा, भात, आमटी मला लग्नाआधीपासून येतं, खोलीवर एकटा राहायचो तेव्हाचं. आमटी तर माझी चांगली होते, हे बायकोही मान्य करते. पण भाकरी म्हणजे निराळंच प्रकरण.

बायको शिकवायला बसली आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी विचारलं, एका भाकरीला पाणी किती? ती म्हणाली, लागेल तेवढं. मी म्हणालो, हे काय उत्तर झालं? वर्गात मी असं शिकवलं असतं तर पालक भांडायला आले असते. ती हसत हसत परातीत थापत राहिली आणि भाकरी तिच्या हाताखाली आपोआप फिरत मोठी होत गेली. मला तिचे हात दिसत होते, पण ते काय करतात ते काही केल्या कळत नव्हतं. तिलाही ते सांगता येत नव्हतं. तिला कुणी सांगून शिकवलंच नव्हतं.

माझी भाकरी थापताना चिरायची. उचलली की तुटायची. तव्यावर पोचली तर वरून पाणी फिरवताना माझी बोटं भाजायची. एकदा कडा फारच वेड्यावाकड्या झाल्या, म्हणून मी तिच्यावर ताटली पालथी घातली आणि बाहेरचं पीठ सुरीनं कापून टाकलं. वर्तुळ मात्र झकास जमलं. आईनं जेवताना कडेवरून बोट फिरवलं आणि सुनेला विचारलं, ही भाकर कुठल्या कारखान्यातनं आणली? दोघी पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. या वयात चुकायला फार जड जातं. मुलं चुकतात आणि विसरतात, आपण चुकलो की आपली सगळी हुशारी पणाला लागल्यासारखं होतं.

तरी मी सोडलं नाही. बॅग अजून कपाटावरच होती आणि मुलीचे दिवस भरत आले होते. हळूहळू हाताला कळायला लागलं. गोळा किती मळला की तो सैल होतो, किती थापलं की थांबायचं. एक दिवस भाकरी फुगली. पापुद्रा सुटून वर आला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की बायको हातातलं धुणं टाकून धावत आली. तिनं भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपारी बॅग खाली आली.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. आमच्याकडे दळणाचा डबा नेहमी मीच स्कूटरवर गिरणीत नेतो, आणि नेताना नेहमी कुरकुरतो, की हे आठवड्याला चिमूटभर दळून आणायचं काय खूळ आहे. आता कारभार माझ्या हाती आला होता. मी ज्वारी एकदमच दळून आणली, बायको परत येईपर्यंत पुरेल एवढी. कामाचं नियोजन म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत डब्याचं झाकण लावलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग भाकऱ्या बिघडायला लागल्या. गोळा जुळेना, थापलं की भेगा पडत, उचलावं तर हातात तुकडे येत. मी जास्त मळलं, पाणी वाढवलं, कमी केलं. आई तुकडे गोळा करून खायची, पण रोज थोडं कमी. मला वाटलं, हात गेला. शिकलेलं टिकत नाही, म्हातारपणी मडकं गळतंच. बायकोचा फोन आला की मी सगळं ठीक आहे म्हणायचो. मुलीला कळा कधीही सुरू होतील अशी वेळ, खरं सांगितलं असतं तर बायको पहिल्या गाडीनं निघाली असती.

एका संध्याकाळी मी परातीसमोर नुसताच बसलो होतो. आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली आणि स्टुलावर बसली. डबा पुढे घे म्हणाली. तिनं पिठात हात घातला, चिमूट बोटांत चोळली, वास घेतला.

"पिठाची विरी गेलीया," ती म्हणाली. "तुजा हात न्हाई गेला."

ज्वारीच्या पिठाला ताजेपणी जो चिकटपणा असतो ती विरी. पीठ जुनं झालं की ती जाते. म्हणून तर आमच्या घरात आठवड्याचंच दळण असायचं. सगळा जन्म मी तो डबा वाहिला आणि डबा लहान का, हे कधी विचारलं नाही.

आईनं आधण ठेवायला लावलं. पाणी खळखळलं की ते पिठात ओतायचं आणि वाफ धरल्यावर मळायचं. हे कुठं शिकलीस, असं मी विचारलं. तिच्या माहेरी नाचणीची भाकरी अशीच उकड काढून करतात, ती म्हणाली. इथं आल्यावर ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कसं मळायचं ते तिला येईना. तिची भाकरी बघून चुलीपाशी सगळे हसायचे आणि ती गोठ्यात जाऊन रडायची.

"मंग तू शिकलीस कशी?"

"भूक तर समद्यांना लागायचीच ना," ती म्हणाली. "थाप आता, गार हुईल."

मी थापली. भाकरी अखंड उचलली गेली. आईनं त्या दिवशी आणखी अर्धी मागून घेतली. मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. मी ते तव्याच्या धुरावर ढकललं.

चार दिवसांनी नात झाली. उरलेलं पीठ आधणावर संपवलं आणि पुढचं दळण मी गुपचूप लहान डब्यातून आणलं. महिना सरत आला तसा मी बायकोच्या परतीच्या गाड्या बघायला लागलो. घर तिच्याविना चालत होतं, पण मला करमत नव्हतं. मला ती घरी हवी होती.

तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई जेवत होती. मी फोन तिच्या तोंडापुढे धरला. आईनं सुनेला ताटातली भाकरी दाखवली आणि सांगितलं, "तुज्यावानीच करतोय आता. तू ऱ्हा निवांत तिकडं."

 मग बायकोनं मला विचारलं, बाळ फार लहान आहे, आणखी महिनाभर राहू का? इतका खटाटोप केला तो तिला मोकळेपणानं जाता यावं म्हणूनच. आता ते साधलं होतं आणि मला ते अजिबात नको होतं.

मी म्हणालो, राहा की. आता ती फोन ठेवणार, हे माझ्या लक्षात आलं.

"थांब," मी म्हणालो. "आमटी कशी करायची तेवढं सांग."

 ती म्हणाली, "पातेलं घ्या आधी," आणि अगदी पहिल्यापासून, सावकाश सांगायला लागली.